फटफटीची खांदशेकणी

आमच्या एका मोटारसायकलीला शिंगं होती.

नात माझी वर्ध्याला कॉलेजात शिकते. परवा जुन्या गाड्यांचे फोटो चाळता चाळता ती त्या गाडीच्या फोटोपाशी अडकली. "आजी, या गाडीले शिंगं काऊन? अन् आजोबा असे एका बाजूनं वाकडे काऊन उभे?"

दोन्हीचं कारण मीच!

लग्न होऊन अल्लीपुरात आले तेव्हा मी बी.ए. होते. (कुणी विचारत नसे, म्हणून मीच सांगत असे.) नवऱ्याच्या मागे बसून वर्ध्याला सिनेमाला जायचं, हा माझा हट्ट! त्यापायी बैलजोडी वडनेरच्या मामेसासऱ्यांकडे गेली अन् दारात काळी फटफटी आली. सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच सोडलं. पोळा तोंडावर आला तेव्हा एकदाच बोलल्या, तेही भिंतीकडे पाहून: "पोळ्याले दारात काय ओवाळू आता? टायर?"

"हो!" मी म्हटलं. "बैलाचं सगळं करू फटफटीचं!"

हँडलला बेगड गुंडाळून शिंगं केली, सीटवर झूल, आरशांना गोंडे. राहिली खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळतात अन् "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. वर्षभर जू वाहतो तो खांदा! पण फटफटीचा खांदा कुठे असतो? बी.ए.नं डोकं चालवलं. ओझं कोण वाहतं? चाक! अन् चाकाच्या मधोमध तो गोल डबा असतो ना, तोच खांदा! दोन्ही चाकांच्या डब्यांत, फटीफटीतून, वाटीभर तूप मुरवलं. हात जोडून आवतनही दिलं. (फटफटी काही बोलली नाही. मी होकार समजले.)

दुसऱ्या दिवशी बैल बुजू नयेत म्हणून ह्यांनी गाडी ढकलतच गावच्या बैलांच्या रांगेत, पोळ्याच्या तोरणाखाली नेली. तोरण तुटून पोळा फुटला, ह्यांनी ऐटीत किक मारली अन् घराकडे सुटले. दारात मी आरती घेऊन उभी. शेजारी सासूबाई, हातात पुरणपोळी, तोंड दुसरीकडे.

"थांबा, ओवाळते!"

"सरक! सरक! ब्रेक नाई लागून राह्यला!"

हे माझ्या नाकासमोरून आत. तुळशीला वळसा. "अहो, निदान कुंकू तरी लावू द्या!" मी ताट घेऊन मागे, माझ्यामागे दोन कुत्री! फटफटी सरळ रिकाम्या गोठ्यात शिरली अन् गव्हाणीत तोंड घालून थांबली. हे पलीकडे, कडब्यात.

आता सासूबाई मला माहेरी धाडणार, असं वाटलं. तर त्या पोट धरून हसायला लागल्या! "पाह्य वं सूनबाई! गव्हान नाई चुकला माहा बैल!" अन् हेडलाइटला पुरणपोळी चिकटवली. तेवढ्यात शेजाऱ्यानं ह्यांना उचलून गाडीपाशी टेकवलं अन् फोटो काढला.

मग सासूबाईंना चाकाच्या त्या डब्यातून, म्हणजे ब्रेकमधूनच, ठिबकणारं पिवळं तूप दिसलं. बोटावर घेतलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. मी आरतीच्या ज्योतीकडे पाहिलं.

ह्यांचा उजवा खांदा पार मुरगळला होता. सासूबाईंनी चुलीवर तूप-हळद कोमट केली, माझा हात धरला अन् नेऊन लेकाच्या खांद्यावर ठेवला.

"बी.ए. बाई, खांदा याले म्हन्ते. पाहून ठेवजो."