खोडेकाकांनी न पुसलेला अभिप्राय

खोडेकाका दुरुस्ती केल्यावर बरोबर आठव्या दिवशी फोन करत. "पाणी बराबर गरम येऊन राहिलं ना?" एवढंच विचारत आणि ठेवून देत. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर आमच्या कांचघर वस्तीत त्यांनी गॅसचे गिझर आणि शेगड्या दुरुस्त करण्याचं काम सुरू केलं. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. तरी पार दूरच्या कमानिया गेट भागापासून लोक त्यांनाच बोलावत.

मी इंदूरची जाहिरात कंपनी सोडून घरी परतले होते आणि गल्लीतल्या छोट्या धंद्यांना इंटरनेटवर आणायचं काम करत होते. काका माझे पहिले गिऱ्हाईक. त्यांचं पान मी बनवलं, फोटो टाकले, लोकांना अभिप्राय लिहायला लावले. ते सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "जाहिरात आपण गिऱ्हाइकाच्या घरातून निघाल्यावर सुरू होते, बेटा. दार लागल्यावर आतले लोक काय बोलतात, ते जाहिरात."

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, सकाळी सातला मी पान उघडलं तर नवा अभिप्राय होता. पाचपैकी एकच तारा. कमानिया गेटजवळच्या एका शिक्षिकेनं हिंदीत लिहिलं होतं की यांच्याकडून गिझर बसवू नका, माझी आई न्हाणीघरात बेशुद्ध सापडली, आता दवाखान्यात आहे.

ऐन हंगाम होता. मी घाईनं ओळखीच्यांना निरोप पाठवले की काकांबद्दल चांगलं लिहा. माझ्या भावानं तर लगेच लिहूनही टाकलं, त्याच्या घरी गॅसचा गिझर नसताना. मग मी काकांकडे धावले. दहा चांगले अभिप्राय आले की हा खाली जाईल, असं मी त्यांना समजावून सांगितलं.

काकांनी तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग खाटेवर बसले.

"खरं लिवलं तिनं," ते म्हणाले. "त्या न्हाणीत हवेची जाळी नव्हती. मी म्हटलं होतं, करून घ्या. ते म्हणाले, करून घेऊ. अन् मी गिझर लावून निघून आलो. जाळी झाल्याबिगर लावाचा नव्हता मले."

बंद खोलीत गॅस जळला की विषारी हवा साचते, तिला वास नसतो, माणूस गुपचूप कोसळतो, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. भावाचा अभिप्राय आधी काढायला लावला. मग उत्तर सांगितलं. चूक माझी आहे, गिझर काढून नेतो, माताजींना भेटायला येतो. मी ते जसंच्या तसं लिहिलं. माझं बोट 'पाठवा'वर थांबलं होतं. काकांनी ते पाहिलं. मी पाठवलं.

तेवढ्यात ते ताडकन उठले. अशी जाळी नसलेली आणखी चार घरं त्यांना आठवली होती. आम्ही फोन लावू लागलो. तिघांनी उचलला. गिझर बंद ठेवा, खिडकी उघडा, असं काकांनी त्यांना बजावलं. चौथं घर कांचघरातलंच, मागच्या गल्लीतलं. तिथे घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"गाडी काढ," काका म्हणाले.

दार म्हाताऱ्या सासऱ्यांनी उघडलं. सून अंघोळीला गेलीय, बराच वेळ झाला, असं ते सहज म्हणाले. काका त्यांना बाजूला सारून आधी मागच्या अंगणात गेले आणि सिलिंडर बंद केला. मग न्हाणीचं दार ठोठावलं. आत पाणी पडत होतं, उत्तर येत नव्हतं. काकांनी दारावर खांदा मारला. दुसऱ्या धडकेला कडी निघाली. ते तोंड फिरवून मागे सरले आणि मला म्हणाले, "तू जा. श्वास रोखून जा. तिले बाहेर ओढ."

ती भिंतीला टेकून बसली होती, मान कलंडलेली. मी चादर गुंडाळून तिला कशीबशी अंगणात आणलं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिनं खोल श्वास घेतला आणि ओकली. पुढे दवाखान्यात दोन दिवस प्राणवायू दिला आणि ती चालत घरी आली. त्या शिक्षिकेची आईही हळूहळू बरी झाली.

सुनेचे सासरे आठवडाभरानं माझ्याकडे आले. काकांनी सुनेचा जीव वाचवला, हे त्यांना पानावर लिहायचं होतं. याहून मोठी जाहिरात कोणती? मी आनंदानं काकांना सांगायला गेले. त्यांनी हात जोडून नकार दिला.

"जीव धोक्यात कोणी घातला होता? मीच ना. मग त्याची वाहवा काहून घेऊ?"

त्यानंतर जाळी नसलेल्या घरी त्यांनी गिझरला हात लावला नाही. कितीतरी कामं हातची गेली. दुसरे लोक लावून देत, काका त्या घरी पुन्हा जाऊन जाळी करून घ्या म्हणून सांगत आणि बोलणी खाऊन येत.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते मुलीकडे नागपूरला निघाले. निरोप घेताना मी विचारलं, पान आता पुसून टाकू का? तो एक तारा अजून सगळ्यांत वर होता, त्याखाली त्यांचं उत्तर. त्यांनी जरा विचार केला.

"राहू दे, बेटा. कोणी वाचलं तर न्हाणीची खिडकी तरी उघडंल."

पानावर आता माझा नंबर आहे. थंडीत फोन येतात. काका काम करत नाहीत, असं मी सांगते. पण फोन ठेवण्याआधी 'तुमच्या न्हाणीघरात हवेला वाट आहे का?' असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.