हात उचलणं

माझा बाप रंगारी. तीस वर्षं त्याने भांडुप-मुलुंडच्या बिल्डिंगांची छतं रंगवली आणि कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत आईला मारलं. दोन्ही कामं उजव्या हाताने. कधी ब्रशचा दांडा, कधी पट्टा, एकदा तापलेलं उलथनं. त्याचा डाग आईच्या दंडावर अजून आहे. मध्ये पडले की मलाही मिळायचं. माझा पुढचा दात तसाच गेला. मीही काही गरीब गाय नव्हते, एकदा त्याच्या मनगटाला चावून रक्त काढलं होतं. देवासमोर बसून रोज एकच मागायचे, याचा हात झडू दे.

गणपतीत तसंच झालं. मोदकांचं सारण करपलं म्हणून त्याने आईवर दांडा उगारला, आणि हात खांद्यापर्यंतही जाईना. दांडा गळून पडला. बाप खांदा धरून खाली बसला आणि गुरासारखा ओरडायला लागला. मला जो आनंद झाला, त्याची आजही लाज वाटत नाही.

दुखणं हटेना, तेव्हा मुलुंडला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, “हात उचलणं कधीपासून बंद झालं?”

आई म्हणाली, “गणपतीपासून. त्याआधी रोज उचलायचे.”

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. बाप फरशीकडे बघत बसला. मला हसू आवरेना.

स्कॅन बघून त्या म्हणाल्या की खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, वरच्या कडेला एक खाच असते. खाचेवरून एक लिगामेंट दोरीसारखं ताणलेलं असतं आणि त्याखालून हात वर न्यायला लागणारी नस जाते. ही खाच ज्याची त्याची वेगळी. कुणाची रुंद, कुणाला मुळीच नाही. बापाच्या लिगामेंटचंच हाड झालं होतं. खाचेचं चिंचोळं भोक उरलं आणि छतं रंगवता रंगवता त्यात नस चेचली गेली. ते हाड कापलं तर हात बहुतेक पुन्हा वर जाईल, म्हणाल्या.

म्हणजे माझ्या शापाने काहीच झालं नव्हतं. मी भडकलेच. फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती, आईने तो माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, मार खायला हात दुरुस्त करून घरी आणायचा? राहू दे लुळा.

“सही कर गो,” आई म्हणाली. “लुळो हात मारीत नाय, ह्येच्यात तेंचो कसलो मोठेपणा? चांगल्या हातान मारल्यानी नाय, तर खरा.”

मी सही केली, पेनाने कागद फाटला.

ऑपरेशननंतर बाप रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. मी लक्ष ठेवून असायचे, लाटणं हाताशी घेऊन. होळीच्या आसपास एका सकाळी हात डोक्याच्या वर सरळ गेला. तो खूश होऊन, हात तसाच धरून, आईला दाखवायला वळला.

आई भाकरी भाजत होती. ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली.

बाप तसाच उभा राहिला. मग हात खाली घेत म्हणाला, मारत नव्हतो, नुसता दाखवत होतो. आई उठली, करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “पण आंगाक कोण सांगतलो?”