आधी डबा मधात आण

जिंतूर तालुक्यात ज्या कुणाला वेबसाइटच्या पानावरचा चौकोनी डबा बरोबर मधोमध आणता येतो, त्याने आमच्या मॅडमची बोलणी खाल्लेली असणार, हे मी लिहून द्यायला तयार आहे. बसस्टँडमागे पहिल्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे आम्ही महिनोन्‌महिने साध्या सीएसएसने पानाला रंग, समास आणि जागा देत बसायचो. फ्रेमवर्क, म्हणजे आयती बटणं आणि आयते रकाने, यांचं नुसतं नाव काढलं की मॅडम म्हणत, "आयतं खायलास का? आधी हा डबा मधात आण." तो आला की त्या खुर्चीवरून उठून पार भिंतीपाशी जात, तिथून डोळे बारीक करून बघत आणि डबा केसभर डावीकडं गेलाय म्हणून सांगत. समास कमी पडला म्हणून पोटच्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी छापखान्यातून दोनदा परत पाठवली होती.

बरोबरीची पोरं परभणीत कामाला लागली, तेव्हा मी वैतागून विचारलं, "मॅडम, फ्रेमवर्क कधी शिकवणार?"

"मोडलं तर कुठं मोडलं, हे तुला कळायला लागलं की."

मी रागाने क्लास सोडला, व्हिडिओ बघून पंधरा दिवसांत फ्रेमवर्क उरकलं आणि परभणीतल्या एका छोट्या ऑफिसात चिकटलो. पहिलंच काम आलं ते मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेश अर्जाचं. पान देखणं झालं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र सकाळपासून फोन सुरू झाले. लहान, जुन्या मोबाइलवर 'पाठवा' हे बटणच दिसत नव्हतं, आणि तसले मोबाइल होते ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींकडे. त्यांनाच वसतिगृहाची खरी गरज होती. मी बारापर्यंत काहीबाही बदलत राहिलो आणि शेवटी मान खाली घालून मॅडमना फोन केला.

त्या दुपारच्या एसटीने आल्या. कीबोर्डला हात लावला नाही. शेजारी बसून म्हणाल्या, "बटण कशात ठेवलंस, ते वाच." मी एकेक ओळ वाचत गेलो. डब्याला ठरावीक उंची मीच दिली होती आणि बाहेर जाईल ते झाकून टाक, असंही मीच लिहिलं होतं. दोन ओळी काढल्या, बटण दिसलं. संध्याकाळपर्यंत अर्ज येत राहिले.

"आता खुशाल वापर तुझं फ्रेमवर्क," चहा पिताना त्या म्हणाल्या.

"फ्रेमवर्क क्लासमध्ये तुमीच शिकवलं असतं तर?"

मॅडमनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "तुला सांगितलं ते खोटं न्हाई. पण मला तरी कुठं येतंय? हे नवं सगळं आलं तवा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. नंतर कुणाला विचारायची लाज वाटली."

मी कीबोर्डसमोरची माझी खुर्ची त्यांना दिली आणि दुसरी ओढून शेजारी बसलो. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "जिंतूरची शेवटची बस किती वाजता हाय रे?"