एल्डनकाकांची उशी

नेब्रास्कातल्या त्या गावात शाळा मंडळाची वर्षाची पहिली सभा जानेवारीत भरायची. नवा अध्यक्ष निवडेपर्यंत अध्यक्षाची मधली खुर्ची रिकामी ठेवायची, अशी रीत. मंडळाची चिटणीस व्हर्ना कुचेरा हिनं खुर्च्या पुसल्या, कॉफी चढवली, आणि मग जुने अध्यक्ष एल्डनकाका यांची बसायची चौकड्यांची उशी काखेत धरून ती तिथंच घुटमळत राहिली. यंदा काका पुन्हा उभे राहणार की नाही, गावात कुणालाच पत्ता नव्हता. उशी मधे ठेवावी तर मतदानाआधीच निकाल लावल्यासारखं, न ठेवावी तर म्हाताऱ्याला उठवल्यासारखं.

तेवढ्यात काकाच बर्फ झटकत आत आले. "काय गं, माझी उशी घेऊन माहेरी निघालीस की काय?"

"कुठं ठेवू तेच कळेना, काका."

"मग विचारायचं की!" काकांनी उशी घेतली आणि हीटरजवळच्या कडेच्या खुर्चीवर टाकली.

"म्हणजे यंदा तुम्ही अध्यक्ष नाही?"

"मधे बसून इतक्या वर्षांत एक डुलकी घेता आली नाही गं मला."

व्हर्ना हसली, पण नजर मधल्या खुर्चीकडं गेलीच. "मग तिथं कोण?"

"त्या खुर्चीवर कुणाकुणाचा डोळा आहे, ते बघायलाच तर लवकर आलोय," म्हणत काका उशीवर टेकले.