डाव्या कोपऱ्यातली पट्टी

ऑफिसात तिला सगळे घार म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे घार. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वेबसाइटची पानं लोकांसमोर जाण्याआधी नीट दिसतात की नाही, हे बघणं तिचं काम. एका ब्राउझरमध्ये देखणं दिसणारं पान दुसऱ्यात पार रया गेल्यासारखं होतं. बटण खाली घसरतं, अक्षरं चौकटीबाहेर डोकावतात, दोन रकाने एकमेकांच्या अंगावर चढतात. ती ब्राउझर बदलायची, खिडकी लहानमोठी करायची आणि शांतपणे सांगायची, "ही रेघ इथे तुटतेय." पान बांधणारी मुलं कुरकुरत डोळे बारीक करून बघायची आणि निमूट दुरुस्तीला लागायची. नवरा गेल्यावर याच नजरेवर तिने घर चालवलं, पोरीला कॉलेजात घातलं.

त्या सकाळी तिच्यासमोर अर्ज भरायचं एक पान होतं. उजवीकडचं 'जतन करा' दाबलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवी पट्टी उमटायची आणि क्षणभराने विरून जायची, असं ठरलं होतं. तिने दाबलं. पट्टी आली नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. तिने दोष कळवून टाकला.

जरा वेळाने टोपी आला. ऑफिसातल्या गारठ्यामुळे बारमाही लोकरी टोपी घालणारा पोरगा. पान त्यानेच बांधलं होतं.

"ताई, पट्टी येतेय."

"तुझ्या मशीनवर येत असेल. ते तुझं लाडकं ना."

"सगळीकडे येतेय हो. दाबा बघू."

तिने दाबलं.

"ही काय आली."

"कुठे आली?"

तो हसला. "थट्टा करताय होय? माझ्या डोळ्यांदेखत आली आणि गेली. चहा हवा असेल तर सरळ सांगा, बिचाऱ्या पट्टीला कशाला मध्ये घेता?"

ती हसली नाही. "तू जा. मी बघते."

दोषाचं मूळ सापडेना की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. नव्या मुलांना ती हेच शिकवत आली होती. तिने ब्राउझर बदलला. खिडकीची रुंदी बदलली. टोपी जेवायला गेल्यावर त्याच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्याच्या मशीनवर दाबून पाहिलं. पट्टी कुठेच नव्हती. मग तिने माउसचा बाण बटणावर ठेवून नजर तेवढी डाव्या कोपऱ्यात नेली आणि दाबलं.

पट्टी आली. हिरवीगार, नीटनेटकी, ठरल्या जागी.

या वेळी पानातलं काहीच बदललं नव्हतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने डाव्या डोळ्यावर तळवा धरला. काहीच फरक पडला नाही. सगळं होतं तसंच. मग तळवा उजव्या डोळ्यावर नेला, आणि पान, टेबल, भिंत, सगळं धुक्यात गेलं.

टोपी परतला तेव्हा ती पर्स आवरत होती.

"दोष मागे घेतलाय. माझीच चूक होती."

त्याच्या ओठांवर आलेली थट्टा तिथेच राहिली. हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बरं नाही का, ताई?"

"बरीय. तू तुझं पान पुढे पाठव."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंना बोटं हलवून पाहिली, मग यंत्रासमोर बसवलं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची डावीकडची बाजू गेलेली.

"मला कळलं कसं नाही?"

"दुखत नाही ना हा. आणि गेलेल्या जागी काळं दिसत नाही. आजूबाजूला असतं तसंच काहीतरी तिथेही आहे, असं वाटत राहतं." त्यांनी औषधाचे थेंब लिहून दिले. "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखू. काम काय करता?"

तिने सांगितलं. बाईंनी तेही कागदावर उतरवलं.

"घरात कोणाला होता?"

तिला आई आठवली. शेवटी शेवटी भिंत धरून चालायची. सगळे म्हणायचे, गुडघे गेलेत.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"तिला घेऊन या. उशीर करू नका."

पोरगी घरी पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिने खुर्ची ओढून पोरीसमोर मांडली आणि बसली.

"माझ्या नाकाकडे बघ."

"काय सुंदर आहे म्हणून?"

"बघ म्हणते ना. नजर हलवायची नाही." तिने हात लांब करून पोरीच्या कानाच्या रेषेत बोटं हलवली. "दिसतायत?"

"हो."

हात आणखी मागे गेला. "आता?"

"आता नाही."

तिचा हात तिथेच थांबला. इथलं कोणालाच दिसत नसेल, की धडधाकट डोळ्याला दिसायला हवं? आयुष्यभर तिने बरोबर काय ते समोर ठेवून चूक शोधली होती. इथे समोर ठेवायला काही नव्हतं. स्वतःची नजर तर नव्हतीच. तिने हात किंचित पुढे आणला.

"आता?"

"आता दिसतायत. आई, काय चाललंय हे?"

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचंय."

"आणि कॉलेज?"

साध्या सर्दीतापात तिने पोरीला कधी कॉलेज चुकवू दिलं नव्हतं.

"बुडव," ती म्हणाली.

पोरीने पुस्तक मिटलं.