कोटाच्या गोष्टीचा शेवट

भूलवाले काका शुक्रवारी गेले. त्यांचा मुलगा समीर शनिवारी डेट्रॉइटजवळ, आमच्या नोव्हाय गावी येणार होता. काका त्याला एक गोष्ट सांगणार होते, आणि मी मध्ये बसून तिचं इंग्रजी करणार होते.

काका भूलतज्ज्ञ. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांचे भूलवालेच राहिले. टेबलावरचा पेशंट घाबरला की ते त्याला गोष्ट सांगायला घ्यायचे. "शेवट एकानेही ऐकला नाही," ते म्हणत. "दोन-तीन वाक्यांत झोपायचे. माझं इंग्रजीही तेवढंच पुरायचं." उभा जन्म अमेरिकेत काढलेला डॉक्टर हे म्हणायचा, म्हणून आम्ही हसायचो.

मराठी गोष्टींनाही ते शेवट लावत नसत. गणपतीत जेवणं झाली की कुणीतरी म्हणे, "काका, कोटाची होऊन जाऊ दे." लग्नानंतर काकू पहिल्यांदा डेट्रॉइटला उतरल्या, तेव्हा काका त्यांच्यासाठी कोट घेऊन विमानतळावर उभे होते. कोट एवढा मोठा, की काकूंचे हात बाह्यांत नाहीसे झाले. इथे काका चष्मा पुसायला घेत.

"पुढे?"

"पुढे काय, ही बघ बसलीय समोर."

"यांच्या गोष्टीत मी कायम विमानतळावरच," काकू म्हणत.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. बर्फामुळे समीरची फ्लाइट कॅन्सल झाली. काकांनी त्याला फोनवर सांगितलं ते इंग्रजीत: ऑक्सिजन किती होता, रक्तदाब कधी उतरला. समीर नंतर मला म्हणाला, बाबांनी मला आईचा रिपोर्ट वाचून दाखवला. मग त्याचे फोन कमी होत गेले. काकांना ते कळत होतं. "इंग्रजीत मला रिपोर्टच देता येतो गं," ते म्हणाले. "आणि त्याचं मराठी जेवायला बसण्यापुरतं."

वसंतात आमच्या वाचनालयात एका चिनी कादंबरीकाराचं व्याख्यान होतं, गोष्ट सांगण्याच्या कलेवर. काका घराबाहेर पडत नव्हते, मी त्यांना जवळजवळ ओढून नेलं. तो म्हातारा चिनीत बोलायचा, थांबायचा, आणि शेजारची मुलगी इंग्रजीत सांगायची. ती बोलत असताना तो आपल्या हातांकडे बघत राही. तो म्हणाला, सांगताना जिथे जीभ रेटत नाही, गोष्ट तिथे असते. त्याआधीचा सगळा नुसता रस्ता. काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्याला इंग्रजी येतं. पोरीचा एक शब्द चुकला तर दुरुस्त केलान. तरी बोलला आपल्याच भाषेत." मग म्हणाले, "समीरला बोलावतो. तू मध्ये बसशील?"

"बसेन."

"मग आधी तू ऐक. शब्द जुळवून ठेव."

गाडी तशीच उभी होती, काका सांगू लागले. शेवटच्या सकाळी काकूंनी विचारलं, समीर निघाला का. काका म्हणाले, निघाला. मग त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी कोटाची गोष्ट सुरू केली. काकू म्हणाल्या, "आज चष्मा पुसू नका. शेवटापर्यंत सांगा, मी झोपत नाही." तेव्हा काकांनी शेवट सांगितला. विमानतळावरून घरी येताना काकू त्या कोटात तोंड खुपसून रडल्या होत्या, मला परत पाठवा म्हणाल्या होत्या. काकांनी शब्द दिला होता, दोन वर्षांत आपण दोघंही परत जाऊ. "तो मी पाळला नाही," त्यांनी काकूंना सांगितलं. काकू जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "हं."

"रागाचं नव्हतं ते," काका मला म्हणाले. "हे त्याला नीट सांग. रागाचं नव्हतं."

शनिवारी समीर आला तो अंत्यविधीसाठी. सगळे गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात बसवून ती गोष्ट सांगितली. शब्द जुळवलेले होते, ते सगळे आले. काका जिथे थांबले होते तिथे मीही थांबले. माझं थांबणं त्यांच्यासारखं नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, मग आई काय म्हणाली? त्या "हं"चं इंग्रजी मी केलं नाही. काकांनी म्हणून दाखवलं होतं तसंच म्हटलं.

 समीरने ते एकदा म्हणून पाहिलं.

आता तो अधूनमधून फोन करतो. मी त्याला काकांची एखादी गोष्ट सांगते, इंग्रजीत. बहुतेक गोष्टींना शेवट नाही. मी थांबले की तो पलीकडून म्हणतो, "हं."