चोरीचं प्रवाळ

मावशींकडे गेलं की चोरी करावीच लागायची. त्या स्वतःच करायला लावायच्या.

नाशिकच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. माहेर निफाडचं, द्राक्षबागेतलं, त्यामुळे छाटणी हातात मुरलेली. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात मऊ प्रवाळ डुलायचं. प्रवाळ हा प्राणी, पण मावशींच्या लेखी ते रोपच. द्राक्षाच्या कात्रीने टचकन तुकडा काढायचा, रबरबँडने दगडावर बांधायचा, की काही दिवसांत तो दगडाला घट्ट धरायचा.

त्यांचं बघून मीही घरी छोटी टाकी मांडली आणि एक तुकडा मागितला, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "मागून नेलेलं लागत नाय गं! मनीप्लँट कधी मागून आणतात का? चोरलेलंच फोफावतं. मी चहा टाकते, कात्री तिथं हाय." आत जाऊन उगाच भांडी आपटत राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं बाई, चोर येऊन गेला वाटतं!"

पुढे त्या भाचीच्या लग्नाला येवल्याला गेल्या आणि इकडे वीज गेली ती लवकर आलीच नाही. पंप बंद, पाणी नासलं, सगळं प्रवाळ मेलं. मावशींनी टाकी धुऊन नवं पाणी भरलं आणि त्या रिकाम्या टाकीसमोर बसून राहू लागल्या. मला बघवेना. माझ्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे वाटीत घेऊन गेले, तर "दिलेलं लागत नाय," म्हणून परत पाठवलं.

मग मी त्यांना घरी बोलावलं, माझ्या टाकीवर कात्री ठेवली आणि चहाला आत गेले. बाहेर येते तर बाई मांडीवर हात ठेवून बसलेली आणि कात्री जागच्या जागी! "तू मुद्दाम आत गेलीस. ही चोरी नाय, दान हाय."

माझं डोकंच सणकलं. "मग राहू द्या! आता माझ्या टाकीला बोट जरी लावलंत तर खबरदार!"

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. मी धावले. ओटा पुसून आले, तर मावशी दारात चपला घालत होत्या. बाही कोपरापर्यंत ओली, पिशवीतून पाणी ठिबकतंय, आणि डोळे कसे लकाकत होते!

"निघते गं. घाईत हाय."

टाकीतलं सगळ्यात मोठं, आळंब्यासारखं प्रवाळ दगडासकट गायब होतं. मेल्या बाईने कापायचेही कष्ट घेतले नव्हते! मी हसत हसत रडले.

मावशी जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या टाकीत ते प्रवाळ ताटाएवढं झालंय. परवा त्यांची सून म्हणाली, "ताई, घेऊन जा ना. तुमचंच आहे ते."

"माझं कुठलं?" मी म्हटलं. "मावशींनी स्वतःच्या हाताने चोरलंय ते."